यांचं म्हणणं

आजारपणानंतर सुकुमार मगदूम जो पहिला शब्द बोलले तो होता 'मीठ'.

मिरजेच्या इस्पितळातल्या त्या खोलीत तेव्हा मोजकीच माणसं होती. खाटेवर टेकून बसवलेले सुकुमार, उशाशी त्यांची बायको त्रिशला, खिडकीजवळ मुलगी ऋजुता आणि यंत्राच्या पडद्यासमोर अभियंता चिन्मय हेगडे. दाराशी मृणाल लोखंडे उभी होती. कुटुंबोपचाराच्या, म्हणजे फॅमिली थेरपीच्या, पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मृणालला हे घर अभ्यासासाठी मिळालं होतं.

शब्द खाटेशेजारच्या लहानशा स्पीकरमधून आला, पण आवाज सुकुमारांचाच होता. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या आपल्या अडतीच्या दुकानात शेतकऱ्यांच्या हळदीचे, बेदाण्याचे सौदे पुकारताना गोदामाचे पत्रे हादरवणारा आवाज. जुन्या मोबाइलमधल्या चित्रफिती गोळा करून चिन्मयने तो यंत्राला शिकवला होता.

त्रिशलाबाईंचा हात तोंडावर गेला. डोळे भरून आले. मग सवयीनंच त्या सगळ्यांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "यांचं म्हणणं, सकाळची पेज छान झाली होती."

स्पीकर पुन्हा खरखरला.

"जास्त," सुकुमार म्हणाले.

ऋजुता खळखळून हसली. चिन्मयने टाळी वाजवली. मृणाललाही हसू आलं, पण तिचं लक्ष त्रिशलाबाईंकडे होतं. त्यांनी नवऱ्याच्या अंगावरची चादर उगाचच नीट केली आणि त्या पाणी आणायला बाहेर गेल्या. पाण्याचा तांब्या भरलेलाच होता.

सहा वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला तो मेंदूच्या देठाला. सुकुमारांची विचार करण्याची, शब्द जुळवण्याची सगळी यंत्रणा शाबूत राहिली; पण तिथून जिभेला, ओठांना, हातापायांना हुकूम पोचवणाऱ्या तारा तुटल्या. डोळ्यांची बुबुळंही स्थिर राहीनात, त्यामुळे नजरेनं अक्षरं दाखवायचं साधन त्यांना जमलं नाही. हाताशी उरल्या फक्त पापण्या. एकदा मिटल्या तर हो, दोनदा मिटल्या तर नाही. त्याही लवकर थकायच्या. शिवाय या आजारात रडू आणि हसू माणसाच्या ताब्यात राहत नाही. बातम्या बघतानाही त्यांच्या डोळ्यांतून धारा लागायच्या.

यंत्राचं तत्त्व तसं सोपं होतं. आपण बोलायचं ठरवतो तेव्हा ओठ हलण्याच्या आधी मेंदूच्या एका पट्ट्यात विजेची बारीक लहर उठते. 'प' म्हणायचा तर एका नक्षीची, 'म' म्हणायचा तर दुसऱ्या. सुकुमारांच्या मेंदूवर पिंपळाच्या जाळीदार पानासारखी पातळ जाळी बसवली होती. ती या लहरी टिपायची आणि संगणक त्यांचे शब्द करायचा. अवघड भाग पुढेच होता. मनात आलेलं सगळंच आपण बोलत नाही. बोलावंसं वाटणं आणि बोलणं यांच्या मधली रेघ धडधाकट माणसाची जीभ सांभाळते. इथं ती रेघ यंत्राला आखावी लागे. चिन्मयच्या कंपनीत तिला उंबरठा म्हणत. उंबरठा खाली ठेवला तर बोलणं भराभर यायचं, पण अर्धवट, न बोलायचे शब्दही बाहेर पडायचे. वर ठेवला तर माणसाला प्रत्येक शब्द नेट लावून ढकलावा लागायचा, पण जे यायचं ते त्याला बोलायचंच असायचं. उंबरठा वर-खाली सरकवायची पट्टी त्रिशलाबाईंच्या मोबाइलमध्ये होती, यंत्र चालू-बंद करायचं बटणही तिथंच.

अशी यंत्रं नवी होती तेव्हा डॉक्टरांची समजूत होती की आवाज परत आला की घर सुखी झालं. तसं झालं नाही. बोलू लागलेल्या माणसांची घरं एकामागून एक विस्कटू लागली आणि घरच्यांना कारण सांगता येईना. शेवटी नियम झाला, की जाळी बसवलेल्या प्रत्येक घराला काही महिने कुटुंबोपचारक द्यायचा.

"मुकेपणा हा आजार होता, तो बरा झाला. आता त्यांना फक्त बोलायची सवय लावून द्यायची," मृणाल आपल्या मार्गदर्शक डॉ. नसीमा मुजावर यांना म्हणाली.

नसीमाबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. त्या कमी बोलत. "बघ तर खरं," एवढंच त्या म्हणाल्या.

*

उपचाराच्या खोलीत चार खुर्च्या होत्या आणि एका भिंतीला मोठी काच. खोलीतून ती आरशासारखी दिसे; पलीकडे बसलेल्या नसीमाबाईंना मात्र आतलं सगळं दिसे आणि ऐकू येई. काही सांगायचं झालं तर टेबलावरचा फोन वाजे. मगदूम कुटुंबाला हे आधीच सांगितलेलं होतं. सुकुमारांनी त्यावर "तोलाई," असं म्हणून सगळ्यांना हसवलं होतं. यार्डात तोलाई, म्हणजे मालाचं वजन, चालू असताना बघणारे असायचेच.

पहिल्या बैठकीत मृणालने विचारलं, "या घरात कुणाला कुणाशी काही बोलायचं राहून गेलंय का?"

ऋजुता जणू याच प्रश्नाची वाट बघत होती.

"पप्पा, मर्चंट नेव्हीत माझं सिलेक्शन झालं होतं. जहाजाच्या इंजिनरूममध्ये. आठवतंय?" ती वडिलांकडे वळली. "मम्मी तुम्हाला विचारायला आत गेली. बाहेर येऊन म्हणाली, पप्पा नको म्हणतात, रडायला लागलेत. मी ऐकलं. इथंच पंपांच्या कारखान्यात लागले. तुम्हाला रोज भरवते, कूस बदलते. पण तेव्हापासून मी तुमच्याशी धड बोललेली नाही. मला एवढंच सांगा, का नको म्हणालात?"

सुकुमारांच्या पापण्या फडफडल्या. स्पीकरमधून शब्द एकमेकांना ढकलत आले. "नको... मी कुठं... विचारलं... कुणी... जहाज... मला विचारलं..."

आणि आवाज मध्येच तुटला.

"बॅटरी गेली वाटतं," त्रिशलाबाई म्हणाल्या.

यंत्रावरचा हिरवा दिवा लख्ख पेटलेला होता. त्रिशलाबाईंचा अंगठा मोबाइलवर होता.

"त्रिशलाबाई, यंत्र तुम्ही बंद केलंय. चालू करा," मृणाल म्हणाली. शब्द तिच्या मनात होते त्यापेक्षा धारदार निघाले.

त्रिशलाबाई उठल्या. त्यांनी चाकांच्या खुर्चीचा ब्रेक काढला. "यांना विश्रांती हवीय," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याला घेऊन निघून गेल्या.  ऋजुताही गेली.

काचेपलीकडून नसीमाबाई आल्या आणि रिकाम्या खुर्चीवर बसल्या.

"तू कुणाच्या बाजूला होतीस?"

"पेशंटच्या," मृणाल म्हणाली. "त्यांचं तोंड दाबलं त्यांनी. माझ्या डोळ्यांदेखत."

"पेशंट कोण?"

मृणाल सुकुमारांचं नाव घेणार होती, पण ती थांबली.

"घर," ती म्हणाली.

"मग त्या बाई पण तुझ्याच. पुढच्या वेळी त्या आल्या नाहीत तर तुझं शेवटचं वर्ष राहील, ते सोड. ते घर अर्ध्यावर राहील." नसीमाबाई उठल्या. दारात वळून म्हणाल्या, "त्यांच्याकडे जा. काही सुधारायला नको. नुसतं बघून ये."

*

मगदूमांचं घर मार्केट यार्डामागच्या गल्लीत होतं. हळदीचा वास जिन्यापर्यंत येत होता. मृणाल गेली तेव्हा दोन व्यापारी आले होते.

"वहिनी, नमस्कार," म्हणत ते त्रिशलाबाईंच्या समोरून सरळ आतल्या खोलीत गेले. "अण्णा! काय आवाज ऐकला राव फोनवर! परत सौदे पुकारा आता!" आतून सुकुमारांचा पत्रे हादरवणारा आवाज आणि मोठमोठ्यानं हसणं ऐकू येऊ लागलं.

त्रिशलाबाई स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होत्या. त्यांनी मृणालला बसा म्हटलं नाही, पण दुसरा कपही काढला.

"मागच्या वेळी मी तुमच्यावर आवाज चढवला. चुकलं माझं," मृणाल म्हणाली.

त्रिशलाबाईंनी साखर घातली.

"आधी हे लोक इथं बसायचे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी जेवणाच्या टेबलाकडे हात केला. "म्हणायचे, वहिनी, अण्णांना जरा विचारा की. मी आत जायची. बाहेर येऊन सांगायची, यांचं म्हणणं असं असं. मग ते तसं करायचे. सहा वर्षं अडत चालली की नाही?"

"चालली. वाढली म्हणे."

"वाढली," त्रिशलाबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी मृणालकडे सरळ बघितलं. "यांना तेव्हा हळदीचा भाव कळत होता का, सांगा मला? पापण्या मिटायलाही ताकद नसायची."

"मग ते निर्णय कुणाचे होते?"

चहा उतू गेला. त्रिशलाबाईंनी घाईघाईनं गॅस बंद केला आणि फडकं शोधू लागल्या.  मृणालने पुन्हा विचारलं नाही. तिने फडकं शोधून दिलं, ओटा पुसू लागली आणि म्हणाली, "गुरुवारी या. यंत्राचं बटण तुमच्याकडेच असू द्या. मी मागणार नाही."

परत येताना बसमध्ये तिला चिन्मयचा फोन आला. त्याला पहिल्या बैठकीचं कळलं होतं.

"मी एक करू शकतो," तो म्हणाला. "प्रत्येक शब्द किती जोर लावून आला याचा आकडा यंत्रात असतो. ऋजुताने परत तोच प्रश्न विचारू दे. सुकुमारकाकांचं 'हो' खरं की 'नको' खरं, ते आकड्यावरून लगेच सांगेन. तुमचं काम सोपं होईल."

मृणाल मोहात पडली. एका आकड्यात सगळं मिटलं असतं. ती दोन दिवस त्यावर विचार करत राहिली.

*

गुरुवारी मगदूम आले, तिघंही. चिन्मय नसीमाबाईंबरोबर काचेपलीकडे बसला होता, आणि ते मृणालने तिघांना सांगितलं.

ऋजुताने प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी त्रिशलाबाईंनी मोबाइल मांडीवर उलटा ठेवला आणि हात बाजूला घेतले.

स्पीकर बोलू लागला. "जायला हवं होतं... जाऊ नको... पोर माझी, जहाजावर... अभिमान... नको गं, पाणी खोल... जा... कुणी विचारलं नाही... विचारलं होतं... रडू आलं..."

"बघा! 'जायला हवं होतं' म्हणाले!" ऋजुता उभी राहिली.

"'जाऊ नको' पण म्हणालेत," त्रिशलाबाई म्हणाल्या. "मी खोटं सांगितलं नव्हतं. मी विचारलं होतं यांना. हे रडले, म्हणून मी..."

"पप्पा टीव्ही बघतानाही रडतात, मम्मी!" ऋजुता काचेकडे वळली. "चिन्मय, शब्द किती जोरानं आला याचा आकडा यंत्रात असतो, तुम्हीच सांगितलं होतंत ना? सांगा, यातलं खरं काय?"

फोन वाजला नाही.  मृणालच्या लक्षात आलं की आता सगळं तिच्यावर आहे.

"आकडा आहे," ती म्हणाली. "पण मी तो मागणार नाही. सुकुमारकाका इथंच बसलेत. आपण त्यांच्याबद्दल यंत्राला का विचारायचं?" तिने खुर्ची त्यांच्यासमोर ओढली. "काका, आत्ता उंबरठा खाली आहे, तुमच्या मनातलं सगळं बाहेर पडतंय. तुम्हाला ते तसं चालेल का? की तुम्ही ठरवाल तेवढंच बाहेर यावं? हळू येईल, दम लागेल. पण तुमचं असेल."

"वर," सुकुमार म्हणाले. "उंबरठा वर."

"आणि पट्टी कुणाच्या हातात हवी?"

"माझ्या."

त्यांचे हात मांडीवर निर्जीव पडले होते. पण यंत्राला बोलून हुकूम देता येत होते. चिन्मयने काचेपलीकडूनच ती सोय चालू केली. त्रिशलाबाईंच्या मोबाइलवर एक संदेश आला, पट्टी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची का? त्यांनी तो वाचला. बराच वेळ वाचला. मग 'हो' दाबलं.

पुढचं बोलणं फार सावकाश झालं. एकेका शब्दाला सुकुमारांच्या कपाळावर घाम येत होता. ऋजुताने रुमाल काढून तो टिपला.

"दोन्ही... खरं," ते म्हणाले. "जावं... वाटलं. भीती... पण वाटली. तुझ्या आईनं... विचारलं होतं. मी... धड... सांगू शकलो नाही." ते थांबले. सगळे थांबले. "आता... तिला... विचारा."

मृणाल त्रिशलाबाईंकडे वळली. "त्या दिवशी तुम्हाला काय वाटत होतं?"

"यांना वाटलं असणार की..."

"काकांचं काका बोलले. तुम्हाला काय वाटत होतं?"

"यांची तब्येत तेव्हा..."

"त्रिशलाबाई," मृणाल हळू म्हणाली, "एक वाक्य 'मला'पासून सुरू करा. फक्त एक."

त्रिशलाबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. मृणालला वाटलं, हीसुद्धा जीभ अडलेली आहे आणि हिच्यासाठी कुणी जाळी बनवलेली नाही. तिला शब्द पुरवावेसे वाटले. तिने हात मांडीखाली दाबून धरले आणि ती थांबली.

"मला," त्रिशलाबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की ऋजुता पुढे झुकली. "मला नको होतं तिनं जावं. मला. हे असे पडलेले, दुकानात ती माणसं, घरात एक माणूस बोलणारं नाही. तूही जाणार. मी एकटी काय करणार होते? पण 'मला नको' म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस का? तू काय, यार्डातलं तरी कुणी ऐकलं असतं? या घरात माझं म्हणणं कुणी कधी विचारलंय? यांचं म्हणणं म्हटलं की सगळे माना डोलवायचे. मग मी यांचंच म्हणणं सांगत राहिले. सगळ्याला. अडतीला, पाहुण्यांना, तुला."



"म्हणजे तू थांबवलंस मला," ऋजुता म्हणाली. "आणि इतकी वर्षं मी पप्पांवर राग काढला."

"हो."

"मला सांगायचं होतंस गं. मी भांडले असते. पण तुझ्याशी भांडले असते ना!" ऋजुता रडू लागली. ती आईजवळ गेली नाही. उठून दारापर्यंत गेली, तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली. पण बाहेर गेली नाही.

सुकुमारांचा आवाज आला. "त्रिशला." दम. "अडत... तू... वाढवलीस?"

"मी वाढवली."

"मला... वाटलं... लोक... माझ्या नावाला... मान देतात." त्यांच्या डोळ्यांतून धार लागली. रडू त्यांच्या ताब्यात नव्हतं, हसूही नव्हतं. त्यामुळे ते कशाचं पाणी होतं ते कुणी ठरवलं नाही. त्रिशलाबाईंनी विचारलं, "का रडताय?"

"कळत नाही," सुकुमार म्हणाले. "कळलं की... सांगतो."

*

त्यानंतर महिनाभर ऋजुता आईशी कामापुरतंच बोलली. दोन बैठका नुसत्या धुसफुशीत गेल्या. एकदा ती आलीच नाही. मृणालने घाई केली नाही. आता तिला बैठक संपल्यावर काचेकडे बघायची गरज वाटत नव्हती.

उन्हाळ्याच्या अखेरीस तिघं आले तेव्हा ऋजुता खुर्चीत बसण्याआधीच बोलली. "कोचीच्या गोदीत जहाजांची इंजिनं दुरुस्त करायचं काम मिळालंय. पुढच्या महिन्यात जातेय. मी विचारत नाहीये, सांगतेय."

"मला वाईट वाटतंय," त्रिशलाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर सावरला. "वाटू दे. तू जा."

"जा," सुकुमार म्हणाले. "फोन... कर."

"आणि मीही एक सांगतेय," त्रिशलाबाई म्हणाल्या. "सोमवारपासून सौद्याला मी स्वतः उभी राहणार. पुकारा मी करणार. माझ्या नावानं."

"तू?" सुकुमारांना राग आला की उंबरठा पार करायला फारसा नेट लागत नव्हता, हे आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. "तुझा आवाज... बारीक. हळदीच्या ढिगापलीकडे... जाणार नाही."

"माइक लावेन."

"सौद्याला... माइक? हसतील लोक!"

"हसू देत. तुम्ही तरी कुठं घशानं बोलताय? तुमचाही स्पीकरच आहे!"

ऋजुता एकदम हसली.  सुकुमारांनी यंत्राला हुकूम दिला, "आवाज, मोठा," आणि खोलीभर घुमणाऱ्या आवाजात म्हणाले, "बेदाण्याचा सौदा... तरी... माझ्याकडे राहील!"

"का म्हणून? बेदाणा सहा वर्षं मीच बघतेय!"

"मी... शिकवला तुला!"

"कधी? झोपेत?"

दोघांचे आवाज चढत गेले. एकाचा पत्रे हादरवणारा, दुसरीचा बारीक पण अजिबात न तुटणारा. ऋजुता आळीपाळीनं दोघांकडे बघत होती. मृणालचं शिक्षण सांगत होतं की आता मध्ये पडावं, एकेकाला बोलू द्यावं. टेबलावरचा फोन शांत होता. तिने आपली खुर्ची थोडी मागे घेतली आणि त्या दोघांना भांडू दिलं.